वाहत्या पाण्याचा हिशेब

वाहतें पाणी निर्मळ असतें, अशी आपल्याकडे फार जुनी समजूत आहे. ती सर्वस्वीं खोटी नाहीं. डबक्यांत टाकलेली घाण डबक्यांतच कुजत राहते. नदींत टाकलेली घाण पुढें जाते, जातां जातां विरते, आणि पुष्कळ वेळां कांहीं अंतरावर नदी पुन्हां पूर्वीसारखी दिसूं लागते. या अनुभवावर विसंबूनच गांवोगांवच्या लोकांनीं पिण्याचा पाणवठा वरच्या अंगाला आणि धुण्याचा घाट खालच्या अंगाला ठेवला. परंतु या समजुतीच्या पोटांत तीन प्रश्न दडलेले आहेत, आणि त्यांचीं उत्तरें समजुतीनें मिळत नाहींत. घाण पुढें जाते ती किती वेळांत? विरते ती कितपत? आणि तिचा नाश करतांना पाण्यांतला जो प्राणवायु खर्च होतो, त्याची भरपाई हवेंतून किती वेगानें होते? नदीच्या शुद्धतेविषयीं जें जें बोललें जातें, त्याचें खरेंखोटेंपण शेवटीं या तीन मापांवर ठरतें.

पिंपरी-चिंचवडच्या उत्तर अंगास असलेल्या चिखली गांवाचें उदाहरण या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. लोणावळ्याजवळ कुरवंडे येथें उगम पावलेली इंद्रायणी देहूवरून चिखलीच्या शिवारालगत येते, पुढें मोशी व आळंदी या गांवांवरून वाहत जाऊन तुळापूर येथें भीमेस मिळते. तिच्या एका कांठास पिंपरी-चिंचवडची व दुसऱ्या कांठापलीकडे चाकणची कारखान्यांची वस्ती पसरली आहे. चिखलीच्या वरच्या बाजूस निघोजे येथें नदीवर बंधारा आहे. आंद्रा धरणांतून नदींत सोडलेलें पाणी तेथें उचलतात, चिखलीच्या जलशुद्धीकरण केंद्रांत शुद्ध करतात आणि शहराच्या नळांना देतात. खालच्या बाजूस आळंदी आहे. ज्ञानेश्वरांच्या समाधीच्या दर्शनाला आलेला वारकरी आधीं इंद्रायणींत स्नान करतो. अशा रीतीनें नदीचें एकच पात्र शहराला पाणी आणून देणारा पाट आहे, शहराचें सांडपाणी वाहून नेणारा नाला आहे आणि भाविकांचें तीर्थही आहे. गेल्या कांहीं वर्षांत आळंदीच्या घाटापाशीं पांढऱ्या फेसाचे थर अनेक वेळां तरंगतांना दिसले, व त्यांचीं छायाचित्रें वृत्तपत्रांतून घरोघर पोंचलीं.

फेस दिसला कीं पहिला प्रश्न उठतो तो हा, कीं ही घाण कोणाची? त्याचें उत्तर शोधण्याचा साधा मार्ग असा वाटतो कीं, एका माणसानें सकाळीं सहा वाजतां आळंदीस बाटली भरावी, दुसऱ्यानें त्याच घटकेस चिखलीपाशीं भरावी, आणि दोन्ही बाटल्या प्रयोगशाळेंत ताडून पहाव्यात. हा मार्ग वरकरणीं न्यायाचा दिसतो. वस्तुतः त्यांत एक मोठी चूक आहे. आळंदीस सकाळीं सहा वाजतां जें पाणी आलें, तें चिखलीवरून सकाळीं सहा वाजतां निघालेलें नसतें. तें आदल्या दिवशीं दुपारीं निघालें असेल, किंवा पावसाळ्यांत पहाटे तीन वाजतां निघालें असेल. म्हणजे त्या दोन बाटल्यांत दोन निराळीं पाणीं असतात, आणि त्यांची तुलना करून कोणास दोषी किंवा निर्दोष ठरविणें हें एका माणसाच्या नाडीवरून दुसऱ्याला औषध देण्यासारखें आहे. म्हणून पहिलें माप हवें तें पाण्याच्या प्रवासाच्या वेळेचें.

प्रवाहाचा वेग मोजण्याची जुनी रीति म्हणजे पाण्यावर लांकडाचा तुकडा सोडून ठराविक अंतर कापण्यास त्याला किती वेळ लागतो तें पाहणें. या रीतीनें वरच्या थराचाच वेग कळतो. तळाशीं व कांठाशीं पाणी अडखळत चालतें, म्हणून सबंध प्रवाहाचा सरासरी वेग वरच्या वेगाच्या शेंकडा ८५ च्या आसपास धरण्याचा प्रघात आहे. तथापि हा हिशेब सरळ कालव्यास ठीक पडतो. डोह, वळणें, बंधारे आणि जलपर्णी यांनीं भरलेल्या नदीस तो लागू पडत नाहीं. लांकूड वाऱ्यानें भलतीकडे जातें, जलपर्णींत अडकून बसतें, आणि मुख्य म्हणजे लांकूड तें लांकूड; पाण्यांत विरघळलेला पदार्थ जसा प्रवास करतो तसा तें करीत नाहीं. विरघळलेल्या पदार्थाचा माग काढावयाचा तर विरघळणारा पदार्थच नदींत सोडला पाहिजे.

या कामीं सोडावयाच्या पदार्थाचे गुण ठरलेले आहेत. तो पाण्यांत पूर्ण विरघळावा. चिखलास किंवा झाडपाल्यास चिकटूं नये. उन्हानें उडूं नये. मासे, जनावरें व माणसें यांस अपाय करूं नये. नदींत मूळचा नसावा. आणि अत्यल्प प्रमाणांतही ओळखतां यावा. साधें मीठ स्वस्त व निरुपद्रवी खरें. तें पाण्यांतून वीज वाहण्याच्या शक्तींत जी वाढ करतें त्यावरून मोजतांही येतें. लहान, स्वच्छ ओढ्यांत तें उत्तम काम देतें. परंतु जिच्यांत सांडपाण्याचे क्षार आधींच भरपूर आहेत अशा नदींत मिठाचा माग लागावा म्हणून पोत्यांमागून पोतीं ओतावीं लागतील. म्हणून चमकणारे रंग पुढें आले.

या रंगांचा एक जुना व प्रसिद्ध प्रयोग १८७७ सालीं जर्मनींत झाला. डॅन्यूब नदीचें पाणी इमेंडिंगेन गांवापाशीं चुनखडीच्या भेगांतून जमिनींत गडप होत असे. तें कोठें जातें याविषयीं वाद होता. त्या ठिकाणीं इतर पदार्थांबरोबर दहा किलोग्रॅम फ्लुओरेसीन नांवाचा रंग टाकण्यांत आला. सुमारें साठ तासांनीं कित्येक किलोमीटर दूर असलेल्या आख नदीच्या झऱ्यांतून हिरवें चमकणारें पाणी वर आलें, आणि डॅन्यूबचें पाणी जमिनीखालून ऱ्हाइनच्या खोऱ्यांत जातें हें सिद्ध झालें. फ्लुओरेसीन उन्हांत लवकर फिकें पडतें, म्हणून उघड्या नद्यांसाठीं आतां ऱ्होडामाइन जातीचा लाल रंग अधिक वापरतात. त्याची चमक मोजणारें यंत्र इतकें सूक्ष्मग्राही असतें कीं, एक ग्रॅम रंग एक कोटि लिटर पाण्यांत मिसळला तरी त्याचा पत्ता लागतो. डोळ्यांस तें पाणी अगदीं साधें दिसतें. तरीही असा प्रयोग करण्यापूर्वीं कांठच्या गांवांना वर्दी देणें आणि पिण्याचें पाणी जेथें उचलतात तेथें रंगाचें प्रमाण ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊं न देणें, हा नियम पाळावाच लागतो.

रंग एका क्षणीं एका ठिकाणीं नदीच्या मध्यभागीं ओततात. खालीं ठरलेल्या पुलांवर माणसें बसवून ठराविक मिनिटांनीं नमुने घेतात व रंगाचें प्रमाण कागदावर मांडीत जातात. मोशीस पुणें-नाशिक रस्त्याचा पूल आहे, आळंदीस पूल आहेत. अशा कामास ते सोईचे आहेत. हें माप वर्षांतून एकदां घेऊन भागत नाहीं. समजा, दोन पुलांमध्यें नदीची लांबी दहा किलोमीटर आहे. उन्हाळ्यांत पाणी सेकंदास वीस सेंटिमीटर या गतीनें सरकत असेल, तर हें अंतर कापण्यास त्यास सुमारें चौदा तास लागतील. पावसाळ्यांत गति सेकंदास एक मीटर झाली तर तेंच अंतर पावणेतीन तासांत संपेल. नदी तीच, अंतर तेंच. वेळेंत पांचपटींचा फरक. म्हणून नदी कमी असतांना, मध्यम असतांना व भरलेली असतांना अशा निदान तीन वेळां माप घेतात, आणि मग कोणत्याही दिवशींच्या पाण्याच्या पातळीवरून प्रवासाचा वेळ काढतां येतो.

आतां दुसरें माप. एका क्षणांत ओतलेला रंग खालच्या पुलावर एका क्षणांत येत नाहीं. प्रथम त्याची अगदीं अस्पष्ट चाहूल लागते. मग प्रमाण झपाट्यानें चढत जाऊन शिखरास पोंचतें. आणि नंतर तें हळूहळू, पुष्कळ तास रेंगाळत उतरतें. कागदावरची रेषा डोंगराच्या एका बाजूस कडा व दुसऱ्या बाजूस लांब उतार असावा तशी दिसते. जसजसें खालीं जावें तसतसा हा डोंगर बुटका व रुंद होतो.

असें कां होतें, हें आळंदीहून पंढरपुरास निघालेल्या वारीकडे पाहिलें म्हणजे समजण्यासारखें आहे. हजारों माणसें एकाच ठिकाणाहून एकाच दिशेनें निघतात. रस्त्याच्या मध्यावरचीं माणसें सपाट्यानें चालतात. कडेचीं कोणी पाणी पिण्यास थांबतात, कोणी झाडाखालीं टेकतात. जो कडेला गेला तो मागें पडतो, जो पुन्हां मध्यावर आला तो वेग घेतो. परिणाम असा कीं, निघतांना एकत्र असलेला समुदाय दोन मुक्कामांत लांबच लांब पसरतो, आणि तरीही त्यांतला एकही माणूस नाहींसा झालेला नसतो. नदींतील पाण्याच्या कणांची स्थिति नेमकी हीच असते. मधला प्रवाह जलद, कांठचा मंद; आणि खळबळीमुळें कणांची या दोन प्रवाहांमध्यें सारखी अदलाबदल चाललेली. केंब्रिजचे शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनीं १९५३ सालीं नळींतील प्रवाहासाठीं हें गणितानें दाखवून दिलें कीं, लांबीच्या दिशेनें होणारा हा पसारा मुख्यतः वेगांतील या फरकामुळें होतो. पुढें १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील ह्यूगो फिशर यांनीं दाखविलें कीं, नैसर्गिक नदींत वर व तळाशीं असणाऱ्या वेगांतील फरकापेक्षां मध्यावर व कांठावर असणाऱ्या वेगांतील फरक अधिक महत्त्वाचा आहे, कारण नदी खोल असते त्याच्या कितीतरी पट रुंद असते. बंधाऱ्यामागचें स्तब्ध पाणी, लव्हाळ्याची बेटें आणि जलपर्णीचे ताटवे हे या वाटेंतले विसाव्याचे थांबे होत. रेषेचा उतार लांबतो तो त्यांच्यामुळें.

या पसाऱ्याचा व्यवहारांत उपयोग काय, असें कोणी विचारील. निघोज्याच्या वर नदीलगतच्या रस्त्यावर एखादा विषारी द्रवाचा टँकर उलटला अशी कल्पना करावी. पाणी उचलणारे पंप केव्हां बंद करावयाचे आणि केव्हां पुन्हां सुरू करावयाचे? सरासरी वेगावर विसंबून पंप बंद केले, तर विषाचें आघाडीचें टोंक त्यापूर्वींच आंत शिरलेलें असेल. शिखर ओसरलें म्हणून पंप सुरू केले, तर लांबलेलें शेपूट आंत येईल. या दोन वेळा, पहिली चाहूल व शेवटचा मागमूस, रंगाच्या प्रयोगानेंच आधीं ठाऊक करून घेतां येतात. संकट आल्यावर त्या शोधण्यास सवड नसते.

याच रेषेंतून आणखी एक गोष्ट मिळते. वर ओतलेला रंग किती होता हें ठाऊक असतें. तो खालीं सर्वच्या सर्व पोंचला असेल, तर त्याच्या सरासरी प्रमाणावरून नदींत एकंदर पाणी किती वाहतें हें काढतां येतें. एक किलोग्रॅम रंग ओतला, खालीं तो पांच तासांत ओलांडून गेला, आणि त्या अवधींत त्याचें सरासरी प्रमाण दर लिटरला एका ग्रॅमच्या एक लक्षांश भागाइतकें भरलें, तर नदी सेकंदाला सुमारें साडेपांच हजार लिटर पाणी वाहून नेत आहे असें गणित निघतें. उलट, पाण्याचें मान दुसऱ्या रीतीनें माहीत असेल आणि हिशेबांत रंग कमी भरला, तर वाटेंत तो कोठें मुरला किंवा चिकटला याचा शोध घ्यावा लागतो.

येथवरच्या हिशेबांत घाण फक्त पुढें गेली व पसरली. ती कमी झाली नाहीं. पसरण्यानें तीव्रता उतरते, एकंदर भार उतरत नाहीं. जो गांव पूर्वीं एक तास अति दूषित पाणी पाहत होता, तो आतां दहा तास कमी दूषित पाणी पाहतो, एवढेंच. मैल्याचा खरा नाश करतात ते पाण्यांतले सूक्ष्म जंतु. आणि त्या कामीं ते पाण्यांत विरलेला प्राणवायु खर्च करतात. येथें तिसऱ्या मापाचा प्रश्न येतो.

पाण्यांत प्राणवायु राहतो तो फारच थोडा. आपल्याकडच्या उष्णतेंत आणि पुण्याजवळच्या उंचीवर एका लिटर पाण्यांत साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायु मावतो. पाणी तापेल तसें तेंही कमी होतें. तो मोजण्याची उत्तम रीति हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ लायोश विंक्लर यांनीं १८८८ सालीं दिली. बाटलींतील पाण्यांत मँगॅनीजचा क्षार व अल्क घातला म्हणजे विरलेला प्राणवायु पकडला जाऊन तपकिरी साका बसतो, आणि त्यावरून पुढें आयोडीन मोकळें करून प्राणवायूचें मान काढतात. मैल्यास किती प्राणवायु लागेल, हें बाटली बंद ठेवून पाहतात. पाश्चात्य देशांत २० अंश उष्णतेवर पांच दिवस, तर भारतांत २७ अंशांवर तीन दिवस ठेवण्याची पद्धति आहे. स्नानाच्या पाण्यांत दर लिटरला प्राणवायु निदान ५ मिलिग्रॅम असावा व मैल्याची मागणी ३ मिलिग्रॅमपेक्षां अधिक नसावी, आणि मासळीसाठीं प्राणवायु निदान ४ मिलिग्रॅम असावा, असें केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचें प्रमाण आहे.

खर्च झालेला प्राणवायु हवेंतून पुन्हां पाण्यांत शिरतो. याचा अनुभव प्रत्येक घरांत आहे. उकळून निवविलेलें पाणी बेचव लागतें, कारण त्यांतली हवा निघून गेलेली असते. तेंच पाणी एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत दोनचार वेळां उंचावरून ओतलें कीं त्याला पुन्हां चव येते. नदी खडकांवरून व बंधाऱ्यावरून उडी घेते तेव्हां तीही हेंच करीत असते. मात्र तेंच पाणी खोल डोहांत निश्चल पडलें तर हें काम फार मंदावतें. ओ'कॉनर व डॉबिन्स या अमेरिकन अभियंत्यांनीं १९५० नंतरच्या दशकांत याचें सूत्र बसविलें. त्याप्रमाणें वेग चौपट झाला तर भरपाईची गति दुप्पट होते. परंतु वेग तोच राहून खोली चौपट झाली तर ती एक अष्टमांशावर येते.

प्राणवायूचा खर्च व भरपाई यांची जोड घालण्याचें श्रेय स्ट्रीटर व फेल्प्स या दोघां अमेरिकनांकडे जातें. ओहायो नदीचा अभ्यास करून त्यांनीं १९२५ सालीं जें गणित प्रसिद्ध केलें तें आजही पायाभूत समजलें जातें. त्याचें तात्पर्य संसाराच्या जमाखर्चासारखें आहे. एकीकडे जंतु उरलेल्या मैल्याच्या प्रमाणांत खर्च करतात. दुसरीकडे हवा तुटीच्या प्रमाणांत भरपाई करते. तूट जितकी मोठी तितकी जमा अधिक. मैला जितका कमी उरेल तितका खर्च कमी. आरंभीं खर्च वरचढ असतो, म्हणून प्राणवायु घसरत जातो; एका ठिकाणीं दोन्ही समसमान होतात, व तेथून पुढें नदी सांवरूं लागते. सर्वांत वाईट जागा ही नाल्याच्या तोंडाशीं नसते. ती पुढें, या समतोलाच्या ठिकाणीं असते.

आंकडे घालून पाहिलें म्हणजे याचें गांभीर्य कळतें. समजा, सांडपाणी मिसळल्यावर नदीच्या दर लिटर पाण्याची एकंदर मागणी २० मिलिग्रॅम आहे, प्राणवायु साडेसहा मिलिग्रॅम आहे, आणि उरलेल्या मैल्यापैकीं सुमारें चौथा हिस्सा रोज नाहींसा होतो. हवेची भरपाई रोज तुटीच्या शेंकडा ४५ या मानानें चालली असेल, तर दोन दिवसांहून थोड्या अधिक वेळानें प्राणवायु नीचतम होईल, व तो सव्वादोन मिलिग्रॅमच्या आसपास असेल. मासळीला तो अपुरा; पण नदी मरणार नाहीं. आतां बाकी सर्व तसेंच ठेवून भरपाईचा वेग शेंकडा ४५ ऐवजीं चौथ्या हिश्शाइतका धरावा. मग अडीच दिवसांच्या आंतच प्राणवायु शून्यावर येतो. पाणी कुजूं लागतें, काळें पडतें, दुर्गंधि सुटते. नाल्यांतलें सांडपाणी तेंच, नदीचा प्रवाह तोच. फक्त हवेच्या भरपाईचा अंदाज चुकला. आणि सेकंदास वीस सेंटिमीटरच्या गतीनें दोन दिवसांत पाणी पस्तीस किलोमीटर जातें हें ध्यानांत घेतलें, तर चिखलीच्या मैल्याची खरी शिक्षा आळंदीच्याही पुष्कळ खालच्या गांवाला होऊं शकते, हें उघड आहे. जवळच्या घाटावरची बाटली ठीक निघाली एवढ्यावरून नदीनें घाण पचविली असें म्हणतां येत नाहीं.

म्हणूनच भरपाईचा वेग सूत्रावरून न काढतां प्रत्यक्ष मोजण्याचे प्रयत्न झाले. अडचण अशी कीं, प्राणवायु आंत किती आला हें थेट मोजतां येत नाहीं, कारण येतांच तो खर्चही होत असतो. यावर अमेरिकेंत त्सिव्होग्लू यांनीं १९६० नंतरच्या दशकांत एक सुंदर युक्ति काढली. ज्या पृष्ठावाटे प्राणवायु आंत येतो, त्याच पृष्ठावाटे पाण्यांतला दुसरा एखादा वायु बाहेरही जातो. आणि त्या दोघांच्या गतींचें प्रमाण निश्चित असतें. क्रिप्टॉन हा कशाशींही संयोग न पावणारा वायु प्राणवायूच्या शेंकडा ८३ गतीनें ये-जा करतो. तेव्हां किरणोत्सर्गी क्रिप्टॉन व न उडणारा एक सोबती पदार्थ एकत्र सोडावे. पसरण्यामुळें व पाणी मिसळल्यामुळें दोघेही सारखेच विरळ होतात. म्हणून दोघांच्या परस्पर प्रमाणांत जी घट दिसेल ती केवळ हवेंत निसटलेल्या वायूची होय. या घटीवरून प्राणवायूच्या येण्याची गति सहज निघते. पुढें किरणोत्सर्गी द्रव्याऐवजीं प्रोपेनसारखे साधे वायु याच कामीं वापरांत आले.

आळंदीच्या फेसाचा अर्थ येथें अधिक स्पष्ट होतो. कपडे धुण्याच्या पावडरींतील व कारखान्यांतील साबणासारख्या द्रव्यांमुळें पाण्यास फेस येतो; बंधाऱ्यावरून पाणी पडतें तेथें हवा मिसळून तो फुगतो. पाहणाऱ्यास वाटतें, येथें पाण्याला हवा भरपूर मिळत आहे. परंतु हींच द्रव्यें पाण्याच्या पृष्ठावर पातळ थर धरून प्राणवायूची वाट अडवितात. बंधाऱ्याचीही दोन अंगें आहेत: पाणी पडतांना तो हवा देतो, पण त्याच्या मागें जो डोह सांचतो तेथें खोली वाढून भरपाई मंदावते व गाळ बसतो. जलपर्णी पृष्ठ झांकते तीही अपायकारकच. शेवाळाचा प्रकार आणखी फसवा आहे. तें दिवसां उन्हांत प्राणवायु सोडतें व रात्रीं स्वतः खर्च करतें. त्यामुळें दुपारीं घेतलेला नमुना समाधानकारक निघतो आणि त्याच जागेवरचा पहाटेचा नमुना भयानक निघतो. ज्यास नदीची खरी प्रकृति पहावयाची आहे त्यानें पहाटे उठलें पाहिजे.

या विद्येसाठीं महाराष्ट्रास दूर जावें लागत नाहीं. पाण्याच्या प्रवाहांचा अभ्यास करणारें केंद्रीय जल व विद्युत् संशोधन केंद्र १९१६ सालीं मुंबई इलाख्यांत सुरू झालें, व तें पुण्याजवळ खडकवासल्यास आहे. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५८ पासून सांडपाण्याचा अभ्यास करीत आली आहे. जलप्रदूषणाविरुद्धचा कायदा महाराष्ट्रानें १९६९ सालींच केला. सबंध देशाचा कायदा त्यानंतर १९७४ सालीं आला. असें असूनही केंद्रीय मंडळानें २०२२ सालीं देशांतील नद्यांचे जे ३११ दूषित पट्टे मोजले, त्यांत सर्वांत अधिक, म्हणजे ५५, महाराष्ट्रांत निघाले. संस्था व कायदा यांची उणीव नाहीं; उणीव आहे ती नदीस तिच्या चालीनें मोजण्याच्या संवयीची.

ती संवय म्हणजे काय, हें थोडक्यांत असें सांगतां येईल. आधीं रंग सोडून चिखली ते मोशी व मोशी ते आळंदी हा प्रवासाचा वेळ उन्हाळ्यांत, हिवाळ्यांत व पावसाळ्यांत ठरवावा. मग ज्या दिवशीं तपासणी करावयाची त्या दिवशीं बाटल्या एकाच घटकेस न भरतां पाण्याच्या मागोमाग भराव्यात: चिखलीस दुपारीं चार, मोशीस रात्रीं, आळंदीस पहाटे सहा, म्हणजे एकाच पाण्याची तीन ठिकाणची हकीकत मिळेल. त्यांतून मैला कोठें वाढला, म्हणजे वाटेंत तो कोणीं ओतला, हें कळेल. हवेच्या भरपाईचा वेग त्याच पट्ट्यांत मोजावा, आणि किती मैला नदी खरोखर सोसूं शकते तें त्यावरून ठरवून शुद्धीकरण केंद्रांची ताकद त्या मानानें ठेवावी. प्रथम ताकद ठरवून मग नदीनें तिच्याशीं जुळवून घ्यावें, अशी अपेक्षा करूं नये.

नदी घाण पचविते हें खरें आहे. पण ती ठराविक वेळांत, ठराविक अंतरांत आणि ठराविक मानानेंच पचविते. हें मान ज्याला ठाऊक नाहीं त्यानें वाहत्या पाण्याच्या भरंवशावर मैला सोडणें म्हणजे शिल्लक न पाहतां दुसऱ्याच्या नांवावर हुंडी लिहिणें होय. ती हुंडी कोठेंतरी पटवावीच लागते, आणि इंद्रायणीच्या बाबतींत ती पटविणारा बहुधा खालच्या कांठचा शेतकरी, कोळी किंवा पहाटेच्या काळोखांत घाटाच्या पायऱ्या उतरणारा वारकरी असतो.